झीज आणि चोर

मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४मध्ये. मधल्या ३० वर्षांत २५ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. त्यांतल्या कितीतरी आजही महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत, सोसायटीच्या कुंपणाबाहेर उभ्या असतात. तशीच एक मी वापरतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याला दोन काळज्या असतात, असं धरलं जातं: ती बंद पडू नये आणि कुणी पळवू नये. पहिलीसाठी मिस्त्री, दुसरीसाठी बाजारातलं गिअरलॉक. माझ्या मते या दोन काळज्या वेगळ्या नाहीतच. जुनी गाडी चोराला सोपी जाते ती तिच्या झिजेमुळे. म्हणून तिची दुरुस्ती हीच तिची पहिली राखण.

किल्लीपासूनच बघा. कुलपाच्या नळीत धातूच्या पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच नळी फिरते. २०-२५ वर्षं किल्ली रोज आत-बाहेर झाली की दाते बोथट होतात, पट्ट्यांच्या कडा गोलावतात आणि तो नेमकेपणा जातो. इंजिन चालू असताना किल्ली अलगद हातात येऊ लागली की ते कुलूप संपलं असं समजावं. अशा नळीला त्याच घाटाची दुसरी झिजकी किल्लीही कधी कधी पुरते. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून नवी किल्ली कापून घेतली तरी फरक पडत नाही, कारण जुन्या किल्लीवरून काढलेली नक्कल तिची झीजही उतरवून घेते. तिथे लॉकसेटच बदलायला हवा. स्टिअरिंग लॉकचंही तसंच. किल्ली काढली की एक खुंटी स्प्रिंगच्या जोराने स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत पडते. आतलं ग्रीस वाळलं की ती अर्ध्यावर अडकते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. दाराच्या काचेलगतचं रबर कडक होऊन आक्रसलं की चोराला पातळ पट्टी आत सरकवण्यापुरती फट मिळते. बॉनेटची कडी नीट लागेनाशी झाली की बॅटरी उघड्यावर पडते. गॅरेजमध्ये ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून जातात ती नेमकी हीच कामं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: एवढी जुनी गाडी चोरणार कोण? हा प्रश्न गाडीच्या बाजारभावाकडे बघून विचारला जातो. चोर मात्र किती कमी त्रासात काय हाती लागेल ते बघतो. नव्या गाडीच्या किल्लीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. युरोपीय संघाने नव्या मोटारींना ही सोय १९९८पासून सक्तीची केली. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तिच्यामुळे मोटारचोरीची शक्यता सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं; चोरांचा मोर्चा चिप नसलेल्या गाड्यांकडे वळतो, हेही त्या अभ्यासाने हिशेबात धरलं होतं. कार्ब्युरेटरच्या ८००ला अशी चिप नाही. शिवाय अख्खी गाडी विकावी लागतेच असं नाही. मीरतचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठीच कुप्रसिद्ध होता. २०२१मध्ये पोलिसांनी तिथे मोठी कारवाई केली. महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेले ते आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी, गाड्या जागच्या जागी राहिल्या. ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन ओम्नीत आणि अल्टोतही होतं. त्यामुळे सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे, आणि बिलाशिवाय स्वस्तात जुना भाग घेणारे आपणच ते गिऱ्हाईक असतो. हे मला मनापासून खुपतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. गाडीला ४० हजार येणार असतील तर कुलपं-रबरांवर पैसे कशाला? पण विम्याचं गणित मांडून बघा. पाच वर्षांनंतर गाडीची विमा-किंमत ठरलेल्या तक्त्यावरून निघत नाही, कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. जुन्या गाडीला ती फार थोडी मिळते. अनेकांकडे तर फक्त थर्ड पार्टी विमा असतो, आणि त्यात चोरीची भरपाई नाहीच. गाडी गेली तर ४० हजारांत तितक्याच भरवशाची दुसरी मिळत नाही, अनोळखी माणसाच्या हातची मिळते. खर्च तोलायचा तो या नुकसानीशी.

जीपीएस बसवला की झालं, असंही सांगतात. जीपीएस उपयोगी आहे, पण तो बोलतो गाडी हलल्यावर. आणि २५ वर्षांच्या, जागोजागी टेप गुंडाळलेल्या वायरिंगवर आणखी एक जोड मारला की बॅटरी उतरण्याची, क्वचित शॉर्ट होण्याची भीती. इंजिन चालूच होऊ नये म्हणून कटऑफ बसवायचा म्हटलं, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप यांत्रिक असतो. पंपाची वीज तोडणारा कटऑफ तिथे कामाचा नाही. इग्निशन कॉइलच्या वायरवर छुपा स्विच हवा, तोही पुरेशा जाडीच्या वायरने, सोल्डर केलेल्या जोडाने. नाहीतर चोराआधी मालकच घाटात अडकेल. म्हणजे इथेही आधी वायरिंग दुरुस्त, मग स्विच.

गंजाकडे तर या नजरेने कुणी बघतच नाही. पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर ही गाडीची खरी ओळख. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी नेली की त्याचा पेन्सिलने छाप घेतात. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, चार महिन्यांच्या पावसात तो आकडा गंजाने खाल्ला, तर सापडलेली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करणंही जड जातं. खरवडून तो आकडा पुसट करायचा नाही. गंज हलक्या हाताने काढून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. आकड्याचा स्वच्छ फोटो आणि दोन मूळ किल्ल्यांपैकी एक, घरात आरसी बुकाबरोबर ठेवायची. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.