चंद्राची छायाचित्रे आणि भिंग

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती चंद्रावरील माणसाची छायाचित्रे भिंगाखाली धरून ‘हे सारे बनावट’ म्हणू लागली, तर कृपया हसू नका. अमरावतीला माझ्या वडिलांना नातवंडे हसली, तेव्हा दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. १९६९ च्या अपोलो ११ च्या छायाचित्रांतील आकाशात तारे का नाहीत, सावल्या वेगवेगळ्या दिशांना का, हे त्यांचे प्रश्न रास्तच होते.

अकोल्याहून गेले की मी त्यांच्यासह उत्तरे शोधते. पौर्णिमेला आम्ही गच्चीवरून मोबाइलने चंद्र टिपला. डोळ्यांना दिसणारा एकही तारा चित्रात उतरला नाही. उन्हाने उजळलेली जमीन टिपताना कॅमेऱ्याची झडप निमिषमात्र उघडते. मंद तारे तेवढ्यात उमटत नाहीत. (रात्री जिना चढताना कठडा आणि बॅटरी हवीच.) सावल्यांसाठी पऱ्हाटीच्या शेताचा धुरा पुरला, कलत्या उन्हात सऱ्यांच्या उंचसखल मातीवर सावली वाकते.

२०१९ मध्ये चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ कोसळला. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी नासाची आधीची व नंतरची छायाचित्रे ताडून त्याचा अवशेष शोधला. नासाने डिसेंबरात त्यास दुजोरा दिला. हे ऐकल्यापासून वडील दोन चित्रे शेजारी ठेवूनच तपासतात. २०२१ मध्ये चांद्रयान-२ नेच अपोलो ११ चे उतरणस्थान टिपले, हेही त्यांना पटले.

झेंड्याची शंका मात्र शिल्लक आहे. वरच्या कडेतील आडवी दांडी दाखवली, तर ती दांडीच त्यांना संशयास्पद वाटते.