हात धुवायची जागा

आमच्या घरात जेवून उठलं की हात कुठं धुवायचे, याचा कायदा होता. परड्यातल्या कढीपत्त्याच्या बुडात. दुसरीकडं कुणी धुतले की आई ओरडायची, मग तो पाहुणा का असेना. हा कायदा बहात्तरच्या दुष्काळातला. पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, तरी तो मोडला नाही.

१९७२ साली मी सात वर्षांचा होतो. आमचं गाव माणदेशातलं. इथं चांगल्या सालीसुद्धा पाऊस उधारीवरच असतो. त्या साली कुणी उधारही दिला नाही. निम्मा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. आई आणि मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, दोघी बरोबरच निघायच्या. रेशनला मिलो मिळायचा. त्याची तांबडी भाकरी घशाखाली उतरायची नाही आणि कालवणाला घरात काही नसायचं. मग मोठी आई कढीपत्त्याच्या चार काड्या तोडून आणायची, पानं तव्यावर कुरकुरीत भाजायची आणि लाल मिरची, मीठ घालून पाट्यावर भरडायची. त्या चटणीवर भाकरी जायची.

ते झाडही तिनंच आणलेलं. माहेरच्या झाडाच्या मुळाला फुटलेला वीतभर फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आणला, भोवती बोराटी रचून शेळ्यांपासून राखला. आता प्यायलाच पाणी नाही तर झाडाला कुठलं घालायचं? नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. म्हणून मग हात धुतलेलं, डाळ धुतलेलं, जे काय चूळभर असेल ते त्या बुडात. झाडाची निम्मी पानं झडली, पण जगलं.

पुढं पाऊसपाणी झालं तसं परडं भरलं. न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाची बेटं झाली, ओलीला पुदिना पसरला. पुदिन्याला काही करावं लागत नाही, आवरावाच लागतो. कोथिंबीर मात्र आईच्या हातची. डालड्याच्या जुन्या डब्याला बुडाशी खिळ्यानं भोकं पाडायची, माती आणि शेणखत भरायचं. धने ती अख्खे कधी पेरायची नाही. वहाणेखाली हलके रगडून एका धन्याची दोन दळं करायची, रातभर भिजवायची. “अख्खा धना लई आळशी आसतो,” म्हणायची. सगळं एकदम पेरायचं नाही, पंधरा दिवसांनी दुसरा डबा. चैत्र लागला की डबे लिंबाच्या सावलीत, नाहीतर कोथिंबीर बोटभर झाली न झाली की फुलावर येते.

१९८४ ला वाटणी झाली. कारण विहिरीची पाळी. पण भांडणाला एकच कारण कधी असतं? परड्यातून भिंत गेली आणि कढीपत्ता पलीकडं गेला. दोन्ही जावा बोलेनाशा झाल्या. आमच्या फोडणीत चार वर्षं कढीपत्ता पडला नाही. तात्या एकदा म्हणाले, “बाजारातनं आणू का?” आईनं नुसतं बघितलं.

भिंत वर असते, मुळं खाली. एका पावसाळ्यात आमच्या बाजूला फुटवा आला. आईनं उपटला. पुन्हा आला, पुन्हा उपटला. तिसरा गोवऱ्यांच्या हुडव्यामागं आला नि कंबरेएवढा झाला. आई म्हणते, मला दिसलाच नाही. परड्यात मुंगी नवी आली तरी जिला कळायचं, तिला दिसला नाही!

मग चुलतभावानं संडासाच्या खड्ड्यासाठी ते मूळ झाड तोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी आई आमच्या दारात उभी. आत आली नाही. पदराखाली वाटी होती.

“चार काड्या दे गं,” म्हणाली.

आई परड्यात गेली आणि अख्खी फांदी मोडून आली. “वाटी कशाला आणलीस? तुजंच हाय.”

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. आईनं चहा टाकला, त्यात गवती चहाची पात मोडून घातली. मोठी आई उंबऱ्यावरच बसून प्यायली. विहिरीचा दावा कोर्टात तसाच राहिला, भिंतही आहे.

पुण्यात मी त्याच झाडाचे फुटवे तीनदा आणले. पहिले दोन मेले. थंडीत पानं पिवळी पडून गळायला लागली की मी घाबरून बादलीनं पाणी ओतायचो, मुळं कुजायची. आईनं फोनवरच झापलं, “थंडीत झोपतंय त्ये. मातीत बोट घालून बघ, कोरडी लागली तरच वत. आन् पानं ओरबाडू नगंस, काडी मोडत जा, म्हंजी फुटंल.” तिसरा जगला. ताक आंबलं की पाणी घालून त्यालाच देतो.

सध्या आई आमच्याकडं आहे. जेवण झालं की काठी टेकत बाल्कनीत जाते, कुंडीवर हात धुते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा येऊन गेल्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणून. कुंडीखाली परात ठेवली आहे. आईला बेसिन दाखवलं, तर म्हणाली, “त्यात काय उगवतंय?”