गोदाघाटावर नव्या रंगपेटीची कसोटी

नाशिकला येणारा प्रवासी बहुधा रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचे दर्शन घेतो आणि त्र्यंबकेश्वरची गाडी पकडतो. घाटावर मात्र आणखी एक मंडळी सकाळपासून ठाण मांडून बसलेली असतात. मांडीवर बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा आणि गुडघ्याशी उघडी रंगपेटी, असा त्यांचा थाट. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात. या गंगेवर जलरंगात चित्रे काढण्याची परंपरा जुनी आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी इथले घाट, वाडे आणि गल्लीबोळ रंगवले. आजही कलाशाळांतील विद्यार्थी पायऱ्यांवर बसून तोच धडा गिरवताना दिसतात.

सुटीच्या सहलीत मुलांसाठी नवीकोरी रंगपेटी घेऊन येणारी कुटुंबेही कमी नाहीत. पेटीतल्या वड्या मोत्यांसारख्या मांडलेल्या असतात आणि झाकणावर भारदस्त इंग्रजी नावे असतात. पण ही नावे आणि वड्या दोन्ही फसव्या असतात. कोरड्या वडीत जवळजवळ काळा दिसणारा रंग पाण्यात मिसळला की झगझगीत निळा निघतो. देखणा दिसणारा एखादा पिवळा कागदावर खडूसारखा पांढुरका पडतो. म्हणून जाणते चित्रकार नवी पेटी थेट घाटावर उघडत नाहीत. आदल्या दिवशी घरी तिची कसोटी घेतात.

आदल्या संध्याकाळचे काम

ही कसोटी सोपी आहे आणि मुलांना तिच्यात चित्राइतकीच मजा येते. ज्या कागदावर चित्र काढायचे, त्याचाच एक तुकडा घ्यावा. वहीच्या पातळ कागदावर केलेल्या परीक्षेला अर्थ नसतो. पातळ कागद पाण्याने सुरकुततो आणि रंग वेगळाच दिसतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद असेल तर उत्तम.

कागदावर पेन्सिलीने चौकोन आखावेत आणि प्रत्येकाखाली रंगाचे नाव लिहावे. पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईची एक रेघ सर्व चौकोनांतून ओढावी. वड्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून दोन-चार मिनिटे त्या भिजू द्याव्यात. मग प्रत्येक रंग वरच्या टोकाला दाट लावून खाली पाण्याने फिका करत न्यावा.

रंग पूर्ण वाळल्यावर निरीक्षण करावे. ओला असताना गडद दिसलेला रंग वाळल्यावर फिका पडतो. किती फिका पडतो, ते या पट्टीवर कळते. काळी रेघ रंगाखालून स्वच्छ दिसली तर रंग पारदर्शक. ती पुसट झाली तर रंग अपारदर्शक, म्हणजे एकावर एक थर देताना जपून वापरायचा. त्यानंतर ओल्या ब्रशने चौकोनाचा एक कोपरा हलकेच घासून टिपकागदाने टिपावा. अल्ट्रामरीन निळा बराचसा उचलला जातो. थॅलो निळा कागदात असा मुरतो की त्याचा डाग राहतोच. आभाळात पांढरा ढग नंतर काढू म्हणणाऱ्याने हा फरक आधीच जाणून घ्यावा.

शेवटी मिश्रणे. बारा रंगांच्या पेटीत दोन-दोन रंगांच्या ६६ जोड्या होतात. सगळ्या जोड्या एका बैठकीत करायची गरज नाही. घाटासाठी लागणाऱ्या दहाबारा केल्या तरी पुरे.

घाटाचा काळा दगड

त्या दहाबारांतली पहिली जोडी म्हणजे दगडाची. गोदाघाटाच्या पायऱ्या आणि काठची जुनी देवळे सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची आहेत. नवशिका साहजिकच पेटीतला काळा उचलतो, आणि त्याचा घाट कोळशाच्या वखारीसारखा दिसू लागतो. अल्ट्रामरीन निळ्यात तांबूस बर्न्ट सिएना मिसळला तर सुरेख करडा रंग तयार होतो. निळा जास्त घातला तर सावलीतला थंड दगड, सिएना जास्त घातला तर उन्हात तापलेला. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रंगाला रवाळपणा येतो. दगडाचा खडबडीत पोत असा आपोआप मिळतो.

सकाळी रंगपट्टी हातात धरून घाटावर एक फेरी मारावी. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळापाशी ती दगडाशेजारी धरून बघावी. मराठीत जिचे नाव म्हणीसारखे झाले, ती नारोशंकराची घंटा इथलीच. कोरडा दगड आणि पाण्याने भिजलेली पायरी यांतला फरक पट्टीवर बोट ठेवून सांगता येतो. पुढे दुतोंड्या मारुती. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्याचा शेंदरी रंग पेटीतल्या नुसत्या लालाने साधत नाही, त्याला पिवळ्याची जोड लागते. भगव्या पताका त्याहून पिवळसर असतात. भांडीबाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जिथे ऊन चमकते, तिथे रंग लावायचाच नसतो, कागद कोरा सोडायचा असतो.

नदीचे पाणी ऋतूप्रमाणे रंग बदलते. पावसाळ्यात ते यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणासारखे गढूळ होते, तर हिवाळ्यात हिरवट. पेटीतला तयार हिरवा मात्र पाण्याला आणि झाडांना सहसा जसाच्या तसा चालत नाही. त्यात थोडा तांबूस मिसळला की तो निवतो.

कच्चा रंग, पक्का रंग

आता सर्वांत महत्त्वाची कसोटी, आणि ती घाईत होत नाही. साडी घेताना गृहिणी ‘रंग पक्का आहे ना?’ असे विचारतेच. रंगपेटी घेताना हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये जलरंगातली जुनी चित्रे उजेडाने फिकी पडतात की काय, यावर मोठा वाद झाला होता. तेव्हा रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी अनेक रंग उजेडात ठेवून तपासले. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने कित्येक लाडके रंग कच्चे असल्याचे दाखवून दिले.

ती परीक्षा घरीही करता येते. रंगपट्टीची एक जादा प्रत करून तिचे उभे दोन तुकडे करावेत. एक पुस्तकात मिटून ठेवावा, दुसरा उन्हाच्या खिडकीला चिकटवावा. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवले की कोण टिकला आणि कोण उडाला ते कळते. चांगल्या प्रतीच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांकही छापलेला असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, हा टिकाऊ. पीआर ८३ म्हणजे अ‍ॅलिझरिन क्रिमझन, तो उजेडात फिका पडतो. त्याऐवजी पीव्ही १९ क्रमांकाचा लाल-गुलाबी घ्यावा. गेरू आणि पिवळी माती या जातीचे मातीचे रंग स्वस्त असूनही पक्के. नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिले असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसरे वापरले आहे असे समजावे. तो दर वेळी वाईटच असतो असे नाही, पण त्याची परीक्षा अवश्य करावी.

या खटाटोपाला नाशिकमध्ये विशेष अर्थ आहे. जुन्या नाशकातले लाकडी खांबांचे, कोरीव महिरपींचे वाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती येत आहेत. दर सिंहस्थाच्या तयारीत घाटाचे रूपही थोडेफार पालटते. आज एखाद्या मुलीने रंगवलेला वाडा दहा वर्षांनी जागेवर असेलच असे नाही. त्या वेळी तिच्या चित्रातला विटांचा तांबडा आणि दाराचा हिरवा शाबूत असला, तर घरच्यांना तो वाडा पुन्हा बघता येईल. कच्च्या रंगात काढलेले चित्र मात्र वाड्याबरोबरच नाहीसे व्हायचे.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर, पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर. उत्तरेकडून भुसावळमार्गे मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नाशिकरोडला थांबतात. तेथून पंचवटीला बस आणि रिक्षा मिळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यात रंगाचा वॉश पसरण्याआधीच वाळतो आणि पावसाळ्यात तासभर वाळत नाही. ओल्या हवेत पेटी मिटून ठेवली तर वड्यांवर बुरशीही धरते, म्हणून ती वाळवूनच बंद करावी.

गोदावरी इथे दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे सकाळचे ऊन जुन्या नाशिकच्या काठावर पडते आणि संध्याकाळचे पंचवटीच्या देवळांवर. त्या हिशेबाने बसायची जागा निवडावी. बुधवारच्या आठवडे बाजारात माणसे, पाले आणि भाजीचे ढीग यांचे रंग भरपूर मिळतात, पण बसायला जागा मिळणे कठीण. पिण्याचे पाणी आणि रंगाचे पाणी यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात. रंगाचे गढूळ पाणी नदीत न ओतता सोबत न्यावे. आणि नावे लिहिलेली रंगपट्टी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक सहलीत ती कामी येईल.