भारतीय माणसाला उजवीकडे!

फेब्रुवारीत एका ग्राहकाची मेल आली : आमच्या संगणकाने एका लेखाला 'भारत' असा विषय लावलाय, तू तिकडचीच, तर हा आधी बघून दे. शिकागोच्या उपनगरात बसून मी गेली चौदा वर्षं हेच काम करते. जुनी जपानी गेमिंग मासिकं वाचायची आणि कोणत्या पानावर काय आहे, याची सूची इंग्रजीत करून द्यायची. मासिकाचं नाव 'गेमेस्ट'. उत्सुकतेने पान उघडलं तर मोटारींच्या शर्यतीचा खेळ, सेगाचा १९९६ सालचा 'स्कड रेस'. भारताचा मागमूस नाही. आणि मग ती ओळ दिसली, तशी मी एकटीच खो खो हसत सुटले.

जपानी गेमवेड्यांमध्ये ही ओळ दंतकथा झालेली आहे. लेखकाला सांगायचं होतं, धडकणार असं वाटलं की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि स्टिअरिंग उजवीकडे. स्टिअरिंगला जपानीत 'हांदोरु' म्हणतात. चार अक्षरं : हा, न, दो, रु. लेख हाताने लिहिलेला. घाईच्या अक्षरात 'हा'च्या दोन तिरक्या रेघा एकमेकींना चिकटल्या की त्याचा 'इ' दिसतो. 'रु'च्या दोन रेघा वर टेकल्या की त्या 'माणूस' या चित्राक्षरासारख्या दिसतात आणि ते इथे 'जिन' असं वाचलं जातं. मधली 'न' आणि 'दो' जिथल्या तिथे. हांदोरुचा झाला इंदोजिन, म्हणजे भारतीय माणूस. छापून आलं : भारतीय माणसाला उजवीकडे!

माझे वडील सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मुद्राराक्षसाने केलेले विनोद ते एका वहीत उतरवून ठेवत आणि जेवताना वाचून दाखवत. हा त्यांना पहिल्या पानावर लावावासा वाटला असता.

मी ग्राहकाला कळवलं : 'भारत' काढा, पण ओळ छापली तशीच ठेवा आणि खाली टीप द्या. उत्तर आलं, मजेशीर आहे, पण दुरुस्तच करा. वाचकांचा गोंधळ नको. ही मेल मला अजून टोचते.

संपादकांनी बजावलंय की तांत्रिक काही नको, सोपं लिहा. प्रयत्न करते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "अजून ते गेमचंच चाललंय का?" एक काका तर म्हणाले, "मुलांनी सोडलं, आईने धरलं." रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून पुण्याच्या मुली कंपन्यांत दुभाषी होतात. मीही आधी इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत तेच करत होते. त्याचं कौतुक व्हायचं. मासिकांचं होत नाही. अमेरिकन लोकांचा गैरसमज वेगळाच. त्यांना वाटतं की या मासिकांत खेळांना दहापैकी गुण दिलेले असणार, म्हणून ते विचारतात, "पॅक-मॅनला किती दिले होते?"

अहो, कुणी कशाला गुण देईल? आर्केडचा खेळ वाचक विकत घेत नाही. नाणं टाकून खेळायची ती उभी यंत्रं. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची, तीच. जपानी मुलगा शंभर येनचं नाणं टाकतो आणि त्याला एवढंच हवं असतं की ते पुरावं. म्हणून तिथल्या मासिकांत घ्या की नका घ्या हा प्रश्नच नाही. तीन मिनिटांत मरणारा माणूस तास-दीड तास कसा टिकेल, एवढाच प्रश्न. अमेरिकेत आर्केडवर सगळ्यात नेमाने लिहिणारी मासिकं होती 'प्ले मीटर' (१९७४) आणि 'रीप्ले' (१९७५). ती यंत्रांच्या मालकांसाठी होती. कोणतं यंत्र आठवड्याला किती गल्ला जमवतं, हा त्यांचा विषय. एकाच यंत्राच्या एका बाजूला मालक, त्याला खेळ लवकर संपायला हवा. दुसऱ्या बाजूला पोरगं, त्याला तो संपायला नको. अमेरिकन छपाई बहुतेक मालकाच्या बाजूने झाली, जपानी पोराच्या. 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' १९८१ साली निघालं, आणि आमच्याच शेजारच्या स्कोकीहून 'जॉयस्टिक' निघायचं. त्यात डावपेच असत, रंगीत चित्रं असत, हे कबूल करते. पण १९८३ साली इथला सगळा धंदाच कोसळला. 'जॉयस्टिक' तेव्हाच गेलं, 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' १९८५ साली.

जपानमध्ये नेमकं त्याच वेळी उलटं घडत होतं. नामकोचा 'झेव्हियस' १९८३ च्या सुरुवातीला आला. विमान उडवायचं, खाली जंगलं, नद्या. पण मासानोबु एंडो या माणसाने जमिनीत काय काय पुरून ठेवलं होतं! योग्य जागी बाँब टाकला की मनोरा वर येतो. कुठे? कुणालाच माहीत नाही. मग अफवा सुटल्या. गरगरत येणाऱ्या, न फुटणाऱ्या पाट्या २५६ गोळ्या मारल्या की फुटतात, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. फुटत नाहीत. पण गोळ्या मोजत बसणारी पोरं होती. पुढच्याच वर्षी एंडोने 'ड्रुआगाचा मनोरा' काढला. साठ मजले, जवळपास प्रत्येक मजल्यावर एक पेटी, आणि ती कशाने दिसेल याचा खेळात ठावठिकाणा नाही. एकट्याने सुटणं अशक्य. म्हणून गेम सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या पार्लरमध्ये, टेबलावर वही असायची. एकाने लिहायचं, अमुक मजल्यावर असं केलं तर पेटी आली. दुसऱ्याने खाली लिहायचं, खोटं आहे.

माझं सगळं क्षेत्र त्या वहीतून निघालं आहे. वहीतून हस्तलिखितं झाली. सातोशी ताजिरी नावाचा मुलगा १९८३ पासून हाताने लिहून, स्टेपल करून एक पत्रिका विकत होता. तिचं नाव 'गेम फ्रीक'. त्या नावाची पुढे कंपनी झाली आणि तिने १९९६ साली पोकेमॉन काढलं, हे सांगितलं की गणपतीतले काका जरा गप्प होतात. 'माइकॉम बेसिक मॅगझिन' खरं तर संगणकाच्या आज्ञावल्या छापणारं, पण त्यातही आर्केडने जागा पटकावली. आणि १९८६ साली शिनसेइशा या प्रकाशनाने 'गेमेस्ट' काढलं, निव्वळ आर्केडला वाहिलेलं. लिहिणारे बरेचसे खेळाडूच. अक्षर त्यांचंच, म्हणून चुकाही त्यांच्याच. एका खेळातल्या 'झांगीएफ' या पहिलवानाचं नावही त्यांनी एकदा 'झांग्युरा' करून ठेवलं होतं.

आता थोडं तांत्रिक, क्षमस्व. पडद्याचं चित्र मासिकात कसं आणायचं? बटण दाबून फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती. काचेच्या पडद्यावर चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखलं जातं. कॅमेऱ्याच्या शटरची उघडझाप त्याहून जलद झाली तर पडद्यावर काळा पट्टा येतो. हळू झाली तर विमान हललेलं. म्हणून खोलीत अंधार, तिवई, काचेवर प्रतिबिंब नको म्हणून काळं कापड, आणि नेमक्या त्या जागी जिवंत पोचेल असा खेळाडू. 'झेव्हियस'चा उभा पडदा २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. एकेक पडदा टिपायचा, छापायचा, कापायचा, खाली-वर चिकटवायचा, की गुंडाळीच्या जन्मपत्रिकेसारखा लांबलचक नकाशा तयार. जोड दिसतात. कुठे नदी अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली असते. आजचा शिकाऊ पोरगा हे नकाशे संगणकाने दहा मिनिटांत करतो आणि जोड दिसत नाहीत. पण जोडाच्या जागी कुणीतरी मेलेलं असतं आणि परत नाणं घातलेलं असतं, हे त्याला सांगून कळत नाही.

माझा खरा जीव मात्र मागच्या पानांत आहे. तिथे बारीक टाइपात रकाने असायचे. खेळाचं नाव, गुणसंख्या, खेळाडूची तीन अक्षरं किंवा टोपणनाव, गेम सेंटर, गाव. दुकानाने खात्री केल्याशिवाय आकडा जायचा नाही. देशात पहिला आला तो 'झेनइची'. गुण दाखवायला यंत्रात आकडेच संपले, सगळे ९ झाले, की त्या खेळाची स्पर्धाच मिटायची. अमेरिकेत हेच काम वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने केलं. १९८१ च्या उन्हाळ्यात आर्केडमागून आर्केड फिरून आकडे टिपले आणि आयोवातल्या ऑटमवा गावी 'ट्विन गॅलक्सीज' नावाचं आर्केड उघडलं. 'लाइफ' मासिकाने १९८२ साली तिथल्या रस्त्यावर खेळाडूंचा फोटो काढला. इथे वीरांचे फोटो निघाले, तिकडे गावोगावची दुकानं छापली गेली. मला दुकानं जास्त आवडतात. गेम सेंटर बंद पडलं, इमारत पाडली, मालक गेला. नाव उरलं ते त्या रकान्यात.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कामात मला स्पष्ट सूचना होती : गुणांची पानं सूचीत घेऊ नका, तो नुसता आकड्यांचा कचरा आहे, आणि दर पानाप्रमाणे पैसे असल्याने परवडत नाही. मी ऐकलं. घराचे हप्ते होते. तेव्हापासून रात्री जेवणं उरकली की माझ्याकडच्या अंकांतली ती पानं मी स्वतःसाठी उतरवते. अंक जुने, कागद हलका. 'गेमेस्ट'चं प्रकाशन १९९९ साली दिवाळखोरीत गेलं. तिथली बरीच मंडळी 'आर्केडिया' मासिकात गेली, तेही २०१५ साली बंद झालं. विचारायचं कुणाला?

आणि आता आमच्या क्षेत्रातलं महाभारत : पाठ कापायची की नाही. स्कॅन करताना जाड अंकाची पाठ कटरखाली घालून पानं सुटी केली की ती यंत्रातून सरसर जातात, सपाट येतात, मधल्या घडीत सावली पडत नाही. कापणारे म्हणतात, एक प्रत मेली तरी मजकूर जगला. मी न कापणाऱ्यांतली. उघडं पुस्तक व्हीच्या आकाराच्या घोडीवर ठेवायचं, वरून फोटो काढायचा, एकेक पान उलटायचं. एका अंकाला अर्धा दिवस. छपाई म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि स्कॅनरची जाळी वेगळी. त्या एकमेकींवर आल्या की दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यासारख्या लाटा उठतात. त्या घालवायला आधी ठिपका न ठिपका दिसेल इतकं बारीक टिपावं लागतं, सहाशे डीपीआय तरी. हे सगळं कापूनही होतं आणि न कापताही. मग कापता कशाला? काही अंकांची दुसरी प्रत मी जन्मात पाहिलेली नाही. रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयात, ओकलंडच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनमध्ये आता या कागदांना कागद म्हणून मान आहे. पण किरकोळ ग्राहकाला पीडीएफ हवी असते आणि कालच हवी असते. या विषयावर मी इतक्या लांब मेल लिहिल्या आहेत की लोक आता उत्तर देत नाहीत. नवरा म्हणतो, देव्हाऱ्यात ठेव एकदाच.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोक्योच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मागवलेला एक विशेषांक आला. गुणांचं पान डाव्या हाताला, शेवटचा रकाना थेट घडीत शिरलेला. खेळाडूची तीन अक्षरं दिसतात, गाव दिसतं, दुकानही दिसतं. आकड्यातला शेवटून तिसरा अंक दिसत नाही. विजेरी लावली, भिंग लावलं, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसाही घालून पाहिला. ३ असेल किंवा ८. आणखी दोन मिलिमीटर उघडलं तर कळेल, पण डिंक वाळून कडक झालाय. कालच त्याने एवढ्यावरच कट् असा आवाज केला.

हा डिंक उष्णतेने मऊ होतो. केस वाळवायचा ड्रायर लावला तर पान अलगद सुटेल, कापावं लागणार नाही. सुटलेलं पान म्हणजे कापलेलंच की, असं माझा एक विरोधक म्हणेल आणि त्याचं चूक नसेल. मुलीने ड्रायर आणून टेबलावर ठेवलाय आणि रोज विचारते, लावला का? वहीत मी तूर्तास दोन्ही आकडे लिहिलेत, ३ वर आणि ८ खाली, मध्ये आडवी रेघ.