रनफ्लॅट की साधे टायर?

आमची गाडी सेकंड हँड. तिचे चारही रनफ्लॅट टायर झिजलेत. पुन्हा तेच घ्यायचे की साधे ट्यूबलेस, यावर घरात दोन तट पडलेत.

रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड असते. हवा गेली तरी ती गाडीचा भार पेलते. वेग ताशी 80च्या आत ठेवला, तर साधारण 80 किलोमीटर जाता येतं. रात्री कुंभार्ली घाटात, शेजारी अम्मी असताना, खाली न उतरता कराड गाठणं ही लहान गोष्ट नाही. पण हा टायर महाग आणि खड्ड्यांत दणके देणारा. हवेविना धावला की बहुधा बदलावाच लागतो, आणि तालुक्याच्या गावी तो सहज मिळत नाही.

साधं पंक्चर मात्र रस्त्याकडेचा पंक्चरवाला थोड्या वेळात काढून देतो. ‘पंक्चरवाले’ म्हणून आमच्या लोकांना हिणवतात. पण अडलेल्या माणसाला आधी त्याचंच दुकान आठवतं.

मी साधेच टायर घेतोय. या गाडीत स्टेपनीला जागा नाही, म्हणून ती डिकीत बांधावी लागेल. अम्मीची एक पिशवी कमी होईल. तेवढं तिला समजवायचं राहिलंय.