गांडुळाचे अंथरूण

मनुष्याने पाळलेल्या प्राण्यांची यादी करावयास बसले, तर गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, कोंबडी ही नावे चटकन ओठांवर येतात. एखादा जाणता त्यांत मधमाशीची भर घालील. गांडुळाचे नाव मात्र सहसा कोणाला आठवणार नाही. ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत आणि पाठीचा कणाही नाही, असा हा मातीतला जीव. कोणी त्याला काडू म्हणतात, कोणी दानवे म्हणतात. संस्कृतात मात्र त्याला ‘भूनाग’ असे भारदस्त नाव आहे. पावसाळ्यात तो अंगणात दिसला, की मुले त्याला काडीने डिवचतात आणि मोठी माणसे पाय चुकवून पुढे जातात. तरीही आज अनेक घरांच्या गच्चीवर, शाळांच्या परसात आणि शेतांच्या कडेला गांडुळे मुद्दाम पाळली जातात. भाजीची देठे, केळ्याच्या साली, चहाचा चोथा त्यांच्या स्वाधीन करावा आणि मोबदल्यात काळेभोर, भुसभुशीत खत घ्यावे, असा हा सरळ व्यवहार आहे.

गाईला दावे लागते, कुत्र्याला पट्टा लागतो, पोपटाला पिंजरा लागतो. गांडुळाला यांपैकी काहीच बांधता येत नाही. पेटीचे झाकण कितीही घट्ट लावले, तरी हवेसाठी ठेवलेली छिद्रे असतातच आणि त्यांतून ते निसटून जाऊ शकते. त्याला पेटीत धरून ठेवणारी गोष्ट एकच. ती म्हणजे त्याचे अंथरूण. नवखा माणूस विचारतो, “गांडुळांना खायला काय घालावे?” अनुभवी माणूस आधी विचारतो, “त्यांच्या अंगाखाली काय घालावे?” या दोन प्रश्नांतच कचऱ्याचा डबा आणि गांडुळांची पेटी यांमधील सारा फरक सामावलेला आहे.

शेतातले गांडूळ स्वतंत्र असते. वरची माती तापली, तर ते खाली ओलाव्याकडे जाते. पाणी साचले, तर दुसरीकडे सरकते. एका झाडाखालचा पाला संपला, तर दुसऱ्या झाडाखाली जाते. पेटीतल्या गांडुळाला जायला जागा नसते. वीतभर रुंद किंवा हातभर लांब, जेवढी ती पेटी असेल तेवढीच त्याची पृथ्वी. त्या पृथ्वीवर पाऊस केव्हा पडावा, ऊन किती लागावे, जमीन मऊ असावी की कठीण, हे सारे पाळणाऱ्याच्या हाती असते. ज्याने झाकण लावले, त्याने नकळत एका जगाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतलेली असते.

हे जग कसे असावे, हे ठरवण्यापूर्वी गांडूळ श्वास कसे घेते, हे जाणून घ्यावे लागते. त्याला नाक नाही आणि फुप्फुसेही नाहीत. ते आपल्या सर्वांगाच्या त्वचेने श्वास घेते आणि त्यासाठी ती त्वचा सतत ओलसर राहावी लागते. त्वचा कोरडी पडली, की त्याचा जीव गुदमरतो. पण म्हणून अंथरुणात पाणीच पाणी केले, तर मधली हवा निघून जाते आणि मग ते ओल्या अंगानेही गुदमरते. म्हणजे अंथरुणाने दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावयाची असतात. त्याने पाणी धरून ठेवायचे आणि हवेलाही वाट द्यायची.

अशी दोन्ही कामे करणारा पदार्थ क्वचितच सापडतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या पाणी चांगले शोषतात, पण थोड्याच दिवसांत त्यांचा चिकट लगदा होतो. भाताचा पेंढा आणि उसाचे पाचट हवा खेळती ठेवतात, पण ते लवकर वाळतात. वाळलेला पालापाचोळा गांडुळांना मनापासून आवडतो. मात्र पाने एकावर एक चिकटून त्यांचे थर बनतात. पुठ्ठा फाडायला थोडे कष्ट पडतात, पण तो ओलही धरतो आणि लवकर दबतही नाही. नारळाच्या सोडणाचा भुसा या बाबतीत फार गुणी आहे. परंतु सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील, तर त्यात मीठ उरते. म्हणून तो गोड्या पाण्यात दोनतीनदा धुऊन घ्यावा लागतो, कारण मीठ गांडुळाच्या त्वचेला सोसत नाही. जुने, मुरलेले शेण हे तर अंथरूण आणि अन्न दोन्ही आहे. ताजे शेण मात्र कुजताना तापते आणि त्यातून निघणारा उग्र वायू गांडुळांना घातक ठरतो. चकचकीत रंगीत कागद आणि प्लास्टिकचा मुलामा दिलेले पुठ्ठे या कामी मुळीच घेऊ नयेत.

मग उपाय काय? उपाय आपल्या घरातच आहे. आजी गोधडी शिवते, तेव्हा ती एकाच कापडाची शिवत नाही. जुन्या लुगड्याचा मऊपणा, धोतराचा हलकेपणा, जाड सदऱ्याचा टिकाऊपणा असे निरनिराळ्या चिंध्यांचे गुण एकत्र येतात, तेव्हा ऊब देणारी गोधडी तयार होते. गांडुळाचे अंथरूणही असेच जमवावे लागते. कागद, पुठ्ठा, पाला आणि पेंढा बोटभर रुंदीचे तुकडे करून एकत्र करावेत. त्यांत ओंजळभर माती मिसळावी. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटातील पेषणीत अन्न दळले जाते आणि त्या दळणासाठी मातीचे कण जात्याचे काम करतात. अंड्याच्या कवचांची पूड मिळाली तर तीही घालावी; तिच्यामुळे अंथरुणाचा आंबटपणा कमी होतो.

हे मिश्रण पाण्यात भिजवून निथळत ठेवावे आणि मग मुठीत घेऊन दाबावे. बोटांतून धार लागली, तर पाणी फार झाले. काहीच आले नाही, तर कमी पडले. एकदोन थेंब बोटांच्या बेचक्यांत जमले, की अंथरूण बरोबर झाले असे समजावे. मिश्रण दाबून न भरता मोकळे मोकळे पसरावे आणि वीतभर जाडीचा थर झाला, की दोनतीन दिवस तसेच राहू द्यावे. आत हात घातल्यावर ते गरम लागले नाही, तरच गांडुळे सोडावीत. पाहुणा दारात आल्यावर बिछाना शोधणारे घर चांगले नव्हे!

पाहुणाही योग्य हवा. अंगणात खणून काढलेले कोणतेही गांडूळ पेटीत सुखाने राहत नाही. त्यांतील पुष्कळ जाती खोल बिळे करून राहणाऱ्या असतात. पेटीसाठी पालापाचोळ्याच्या वरच्या थरात राहणाऱ्या जाती लागतात. ‘आयसेनिया फेटिडा’ हे तांबडे गांडूळ त्यांपैकी जगभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ‘युड्रिलस युजिनी’ ही मूळची आफ्रिकेतील जात आणि ‘पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस’ ही आशियातील जातही वापरतात.

या मुक्या प्राण्याकडे किती बारकाईने पाहता येते, हे चार्ल्स डार्विन या इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याने मातीच्या कुंड्यांत गांडुळे ठेवली आणि रात्री जागून त्यांचे निरीक्षण केले. जवळ पियानो वाजवला, तर गांडुळे जागची हलत नसत. पण तीच कुंडी पियानोवर ठेवून एखादा सूर वाजवला, की ती क्षणार्धात बिळात शिरत. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, परंतु अंगाखालच्या मातीचा थरकाप कळत होता. गांडुळांविषयीचे त्याचे पुस्तक 1881 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले. उभे आयुष्य सृष्टीची मोठमोठी कोडी सोडवण्यात घालवलेल्या या माणसाने आपला शेवटचा ग्रंथ गांडुळांना वाहिला. त्याचा तो प्रयोग आजही उपयोगी पडतो. गांडुळांची पेटी कपडे धुण्याच्या यंत्राजवळ किंवा सतत हादरणाऱ्या जिन्याखाली ठेवू नये, हे त्यातून सहज उमगते.

अंथरूण एकदा घातले, म्हणजे काम संपले असे नाही. माणूस अंथरुणावर निजतो. गांडूळ अंथरुणावर निजते आणि तेच खातेही! आज फुगलेला थर महिन्याभरात निम्म्यावर येतो. म्हणून भाजीचा कचरा घालताना दर वेळी त्याबरोबर मूठभर कोरडे तुकडे घालण्याची सवय ठेवावी. कचरा वर टाकू नये. एका कोपऱ्यात खळगा करून पुरावा आणि पुढच्या वेळी दुसरा कोपरा निवडावा. लोणच्याची फोड, तेलकट किंवा खारट उरलेसुरले अन्न त्यात जाऊ देऊ नये. अधूनमधून हाताने थर हलकेच मोकळा करावा, म्हणजे हवा आत शिरते.

गांडुळाला वाचा नाही, पण त्याचे अंथरूण बोलते. चांगल्या पेटीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आंबूस वास आला, तर ओला कचरा फार झाला असे समजावे. तो कमी करून कागदाचे कोरडे तुकडे घालावेत. मुंग्या दिसल्या, तर अंथरूण बहुधा वाळलेले असते. थोडे पाणी शिंपडावे आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. आणि एखाद्या सकाळी गांडुळे झाकणाच्या आतल्या बाजूस गोळा झालेली दिसली, तर तो साधा प्रकार समजू नये. पेटी अगदी नवी असेल, तर ती एकदोन दिवस अशी भटकतात; पण जुन्या पेटीत तसे घडले, तर ‘हे घर राहण्याजोगे उरले नाही’ असे ती सांगत असतात. अशा वेळी त्यांना पुनःपुन्हा खाली ढकलण्यात अर्थ नसतो. खाली काय बिघडले आहे, ते पाहावे लागते.

उन्हाळा हा तर कसोटीचा काळ. पेटीतल्या तांबड्या गांडुळांना साधारण 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमान मानवते. 35 अंशांच्या पुढे त्यांचे जगणे कठीण होते. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखात पारा 45 अंशांवर चढतो, तेव्हा पेटी सावलीत हलवणे, थर जाड करणे आणि वर ओले गोणपाट घालणे यांवर त्यांचा प्राण अवलंबून असतो. माठाच्या अंगावरील ओल सुकताना जसे आतले पाणी गार होते, तसे ते गोणपाट सुकताना आतले अंथरूण गार राहते. सुट्टीत गावाला जाणारी मुले झाडांना पाणी घालण्याविषयी शेजाऱ्यांना आवर्जून सांगतात. पेटीविषयी सांगायला विसरली, तर परत येईपर्यंत आत काहीच उरलेले नसते.

दोनअडीच महिन्यांनी अंथरूण ओळखू येईनासे होते. कागद कोणता, पाला कोणता, हे सांगता येत नाही. सारे चहापत्तीसारखे काळे, रवाळ होते. ते खत आता झाडांचे आहे. गांडुळांना त्यातून ओढून काढावे लागत नाही. पेटीच्या एका बाजूला नवे अंथरूण घालून तेथेच अन्न पुरत राहावे. काही आठवड्यांत बहुतेक गांडुळे आपण होऊन नव्या घरी जातात. तरी खत उचलताना ते बोटांनी चाळून पाहावे. मोहरीहून किंचित मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोश त्यात दिसतील. त्या कोशांत पुढची पिढी असते. ते वेचून नव्या अंथरुणात ठेवावेत.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण माणसांसाठी झाली, पण ती पाळतात गांडुळे. जागा आणि अन्न पुरेसे असेल, तर ती वाढतात. ते कमी पडले, तर त्यांची वाढ थांबते. आणि जे पेटीत, तेच शेतात. आंब्याखाली पडलेला पाला, उसाच्या सरीतले पाचट, बांधावरचे वाळलेले गवत हे जमिनीतल्या असंख्य जिवांचे अंथरूणच आहे. ते गोळा करून पेटवून दिले, की शेत स्वच्छ दिसते. पण त्या रात्री त्या जिवांना अंग टाकायला जागा राहत नाही. ज्या मुलाने पेटीतले अंथरूण मुठीत दाबून त्याची ओल पाहिली आहे, त्याला हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. तो अंगण झाडील, पण झाडलेला पाला काडी ओढून पेटवणार नाही. तो उचलून पेरूच्या आळ्यात पसरील आणि वर तांब्याभर पाणी शिंपडील.