संडासात रक्त आहे का?

जुलाब जंतूंमुळे होतात असं शिकवायचं आणि जंतू मारायचं औषध मात्र द्यायचं नाही, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गोदाकाठच्या गावात मी आशा स्वयंसेविका म्हणून लागले ती ऐन पावसाळ्यात. पिशवीत ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या, एवढंच.

पहिल्याच घरी वर्षाच्या आतलं लेकरू, पाण्यासारखी हगवण. आई निंदणीला गेलेली. आजी म्हणाली, "माय, निस्तं मिठाचं पाणी पाजून काय होतंय? सुई मारायला सांग की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपकेंद्राच्या सिस्टरना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "संडासात रक्त आहे का?" नव्हतं. "मग डोळे खोल गेलेत का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच मागे जाते का?" जात होती.

नंतर त्यांनी नीट समजावलं. लहान लेकरांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंचे असतात, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. जीवाणूंचेही बरेचसे आपोआप थांबतात. जीव जातो तो बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शिगेला हा जीवाणू मात्र वेगळा. तो आतड्याच्या अस्तरात शिरून जखमा करतो. मग रक्त-आव पडते, मुरडा येतो, ताप चढतो. तिथे अँटिबायोटिक लागतंच, आणि किती द्यायचं ते डॉक्टर वजन बघून ठरवतात. कॉलऱ्याचा संशय असला, तरी त्याच दिवशी दवाखाना.

आजीला पटकी, म्हणजे कॉलरा, ठाऊक होती. म्हणून तिला 1971 सालची गोष्ट सांगितली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ती गप्प ऐकत राहिली आणि मग तिनेच वाटी-चमचा आणला.

लिटरभर पाण्यात पाकीट सगळंच्या सगळं टाकायचं, निम्मं नाही. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच. हे आजीला सांगणंच मला महत्त्वाचं वाटतं, कारण दिवसभर लेकरू तिच्याजवळ असतं. खरी कसोटी झिंकची. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज 20 मिलिग्रॅम, सलग 14 दिवस. जुलाब थांबले की गोळी कोनाड्यात जाते, म्हणून मी मुद्दाम पुन्हा जाते.

पुढे एका घरी लंगोटात रक्त दिसलं. तिथे मी वाट पाहिली नाही, मायलेकराला रिक्षात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि बजावलं, दोन दिवसांत रक्त कमी झालं नाही तर परत आणा. ते कमी झालं. ओआरएस तिथेही चालूच होतं.